मोटरहोमच्या बुकिंगचे पाच लाख आत्ता भरू का?

पत्र: नमस्कार. आम्ही मनीषनगरला राहतो. घरात सहा माणसं: मी, हे, दोन मुलं (मुलगी नववीत, मुलगा चौथीत) आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यात मधुमेह. दर तासा-दीड तासाला गाडी थांबवावी लागते आणि रस्त्यावरच्या स्वच्छतागृहात त्यांना बसता येत नाही. दोन वर्षांपासून त्या लांब कुठे आल्याच नाहीत. म्हणून ह्यांनी मोटरहोमचं, म्हणजे आतच झोपायची आणि संडासची सोय असलेल्या गाडीचं, मनावर घेतलंय. समृद्धीने शिर्डी, तिथून नाशिक, मग कोकण असं सगळं ठरलंय. पुण्याकडच्या एका बांधणाऱ्याचं कोटेशन ३८ लाखांचं आहे: २० लाखांची मूळ गाडी आणि १८ लाखांचं आतलं काम. पाच महिन्यांत देतो म्हणतात. आमच्या ठेवी १३ लाखांच्या आहेत. बाकी २५ लाख त्यांच्याच ओळखीचा फायनान्सवाला ९ टक्के फ्लॅटने पाच वर्षांसाठी द्यायला तयार आहे. नाहीतर राहत्या घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घ्यायचं, असं हे म्हणतात. ह्यांचा पगार हातात ९५ हजार येतो, माझ्या शिकवण्यांचे ३० हजार. घराचा २८ हजारांचा हप्ता चालू आहे. दीर म्हणतात, गाडी भाड्याने लावू, हप्ता आपोआप निघेल. २१ हजार टोकन देऊन झालंय. या महिनाअखेर पाच लाख भरले तर दीड लाख सूट आहे. आरटीओचं विचारलं तर 'ते आम्ही बघून घेतो' म्हणाले. मी काही बोलले की घरात मीच मोडता घालणारी ठरते. काय करू?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: ताई, महिनाअखेरीला पाच लाख भरू नका. दीड लाखाची सूट जात असेल तर जाऊ द्या.

गाडीला माझा विरोध नाही, हे आधी सांगते. प्रवासात थांबावं लागू नये म्हणून घरातली वडीलधारी बाई सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, हे किती घरांत चालतं आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तुमच्या यजमानांनी आपल्या आईची ही अडचण ओळखली आणि त्यावर काही करायचं ठरवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. हौस म्हणून घेतलेल्या गाडीपेक्षा हे कारण कितीतरी मोलाचं आहे. म्हणूनच हा व्यवहार नीट व्हावा असं वाटतं. सध्या तुमच्याकडे आधी पैसे, मग कर्ज आणि कागद सगळ्यात शेवटी, असा क्रम चाललाय. तो उलटा करा.

कागदांपासून सुरुवात करू, कारण 'आरटीओचं आम्ही बघून घेतो' हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. मोटरहोमसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांच्यासारख्या चाचणी संस्था त्यानुसार गाडी तपासतात आणि मग टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला मंजुरी, मिळतं. गाडी एका कंपनीची आणि वरचं बांधकाम दुसऱ्याचं असेल तर नोंदणीच्या वेळी फॉर्म २२-अ लागतो. त्यातला एक भाग गाडीच्या कंपनीने भरायचा, दुसरा बांधणाऱ्याने. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन (म्हणजे असं मोटरहोम) बिगर-परिवहन वाहनांत मोडते, हे केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत आहे. म्हणजे सरळ रस्ता उपलब्ध आहे. बांधणाऱ्याकडे त्या मॉडेलचं टाइप अप्रूव्हल असेल, तर त्याची प्रत पाठवायला त्याला दोन मिनिटं लागतील.

नसेल, तर बहुधा असं होतं: आधी साधी प्रवासी गाडी म्हणून पासिंग करायचं आणि नंतर आत बेड, संडास, किचन बसवायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि हे सगळं मालकावर येतं, बांधणाऱ्यावर नाही. दंड एक वेळ भरता येईल. खरा घोर विम्याचा आहे. आरसीवर १३ सीटची प्रवासी गाडी आणि आत गॅसची शेगडी, पलंग, बॅटऱ्या. अशा गाडीला आग लागली किंवा अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी. त्या गाडीत तुमची सहाही माणसं असणार आहेत.

तेव्हा अप्रूव्हलची प्रत घेऊन ह्यांनी तुमच्या पत्त्याला लागणाऱ्या आरटीओत एकदा जाऊन यावं. नोंद कोणत्या वर्गात होईल, कर कसा आकारतील आणि आरसीवर किती सीट लिहिल्या जातील, हे तिथेच विचारावं. कर वर्गाप्रमाणे बदलतो आणि तुमच्या ३८ लाखांत तो धरलेला दिसत नाही. विमाही नाही. जीएसटीचा दर कोटेशनवर आकड्यात लिहून मागा आणि तो बदलला तर फरक कोणी सोसायचा हेही लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ ला गाड्यांचे दर बदलले तेव्हा मधल्या काळात बुकिंग केलेल्यांची चांगलीच धावपळ झाली होती. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने बिलातच वसूल केलेला आयकर) लागतो, तो मात्र आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

आता कर्ज. वही-पेन घेऊन दोघं बसा.

'९ टक्के फ्लॅट' याचा अर्थ पाचही वर्षं पूर्ण २५ लाखांवर व्याज, तुम्ही मुद्दल कितीही फेडलेलं असलं तरी. व्याज होतं ११ लाख २५ हजार, हप्ता ६०,४१७. हेच २५ लाख बँकेने १० टक्क्यांनी, पण घटत्या शिलकीवर दिले तर हप्ता ५३,११८ आणि एकूण व्याज ६ लाख ८७ हजारांच्या आसपास. ऐकायला नऊ कमी आणि दहा जास्त वाटतात, पण नऊ टक्के फ्लॅट म्हणजे बँकेच्या भाषेत साडेपंधरा टक्क्यांच्याही वर. पाच वर्षांत फरक ४ लाख ३८ हजारांचा. ज्या दीड लाखाच्या सुटीसाठी एवढी घाई चाललीय, ती यात जवळपास तीनदा बुडते.

कुठलाही सावकार पुढे आला तरी त्याच्याकडून 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेने ते सक्तीचं केलंय, बँक असो की फायनान्स कंपनी. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो. प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून कर्ज खरंच किती टक्क्यांना पडतं, ते त्यात दिसतं. दोन कर्जांची तुलना फक्त त्या आकड्यावर करा. मुदतीआधी फेडलं तर किती आकारणार, हेही त्याच कागदावर पाहा.

टॉप-अपचा हप्ता फार गोड वाटेल. ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी २५ लाख घेतले तर महिना २५,३५७. पण व्याज भरायचं २० लाख ६४ हजार. खासगी गाडीची पहिली आरसीच १५ वर्षांची असते. मुलीचं लग्न होऊन जाईल, गाडी विकून टाकलेली असेल आणि तिचा हप्ता मात्र चालूच राहील. शिवाय तारण राहतं घर. गाडीचं कर्ज गाडीवरच असावं. उद्या काही बिनसलं तर गाडी जाईल, छप्पर राहील. टॉप-अपला माझं स्पष्ट नाही आहे.

आणि मुळात २५ लाख झेपतात का? तुमचं दोघांचं मिळून सव्वा लाख. घराचे २८ आणि गाडीचे ५३ मिळून ८१ हजार झाले. शंभरातले पासष्ट रुपये हप्त्यात. उरलेल्या ४४ हजारांत सहा माणसांचं घर, सासू-सासऱ्यांची औषधं, मुलीची दहावी आणि पुढचे क्लास. बँका साधारण निम्म्या उत्पन्नाच्या पुढे हप्ते जाऊ देत नाहीत, आणि तुमच्या बाबतीत ती मर्यादा अगदी योग्य आहे. निम्मं म्हणजे साडेबासष्ट हजार. त्यातून घराचे २८ वजा केले की गाडीसाठी ३४ हजार ५०० उरतात. एवढ्यात १० टक्क्यांनी पाच वर्षांचं सुमारे १६ लाखांचं कर्ज बसतं. ठेवींतले १३ही लाख घालू नका, दवाखान्यासाठी चार तरी हात न लावता ठेवा. म्हणजे आज तुमची झेप सगळं धरून २५ लाखांची आहे, ३८ ची नाही. फायनान्सवाला द्यायला तयार आहे तो त्याच्या धंद्यासाठी. वसुली कशी करायची ते त्याला ठाऊक आहे.

दिरांच्या भाड्याच्या गणितावर एक रुपयाही धरू नका. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. द्यायची तर परिवहन वाहन म्हणून नोंद, परवाना, पिवळी पाटी, वेगळा विमा, वेगळा कर. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. दिरांना व्यवसाय करायचा असेल तर त्यांनी जरूर करावा, स्वतःच्या नावावर.

समजा पुढेमागे ऑर्डर दिलीत, तर पैसे कसे द्यायचे हेही आताच सांगून ठेवते. मूळ गाडीचे पैसे बांधणाऱ्याच्या हाती देऊ नका. कंपनीच्या अधिकृत डीलरकडून ह्यांच्या नावाने बिल करून घ्या आणि बँकेचा चेक थेट डीलरला जाऊ द्या. उद्या बांधणाऱ्याने शटर ओढलं तरी गाडी तुमची राहते. उरलेल्या कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने: नकाशावर सह्या झाल्यावर थोडे, इन्सुलेशन आणि वायरिंग डोळ्यांनी पाहिल्यावर पुढचे, फर्निचर बसल्यावर आणखी, आणि किमान पाचवा हिस्सा आरसी हातात पडेपर्यंत अडकवून ठेवायचा. आरसी. नुसती गाडीची किल्ली नाही. उशीर झाला तर आठवड्याला किती कापायचे, तेही करारात हवं.

इथे बरेच जण फसतात. २० लाखांचं बिल निघालं की कर्ज सुरू होतं आणि हप्ताही. गाडी मात्र पाच महिने कारखान्यात. २० लाखांवर महिना ४२,४९४ प्रमाणे पाच महिन्यांत २ लाख १२ हजार जातात, आणि अजून गाडीत एक पाऊल टाकलेलं नसतं. ट्रक-बसच्या कर्जात बॉडी बांधायच्या मुदतीत हप्त्याला सवलत देण्याची पद्धत आहे. बँकेला विचारा: मूळ गाडी आणि बॉडी फंडिंग एकाच मंजुरीत, दोन टप्प्यांत द्याल का, आणि तोवर फक्त व्याज घ्याल का? काही बँका नाही म्हणतील, काही ऐकतील. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत बांधणाऱ्याला काही द्यायचं नाही. गाडी डीलरकडून निघाल्या दिवसापासून विमा चालू हवा, कारखान्यात उभी असतानाही.

कोटेशनमधल्या एका ओळीबद्दल बोलायलाच हवं, कारण आपण नागपूरचे आहोत. तुम्ही जोडलेल्या कागदावर '२०० एएच लिथियम बॅटरी, ४०० वॅट सोलर, १ टन एसी रात्रभर' असं लिहिलंय. १२.८ व्होल्टची २०० एएच बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट वीज. एक टनाचा एसी पूर्ण जोरात ९०० ते १००० वॅट खातो. मे महिन्यात ४५ अंशांत दिवसभर तापलेला पत्रा रात्री अकरालाही गरमच असतो, एसीला उसंत मिळत नाही. अडीच-तीन तासांत बॅटरी संपेल आणि सासूबाई पहाटे घामाने उठतील. सोलरमधून चांगल्या उन्हातही दिवसाला दीड-दोन युनिट येतात, त्यातले काही फ्रिज आणि पंपालाच जातात. म्हणजे एकतर बॅटरी दुपटी-तिपटीने वाढवायची, किंवा मुक्काम तिथेच करायचा जिथे १६ अँपिअरचा प्लग मिळतो. विचारा त्याला: ४५ अंशांत किती तास, लिहून देता का? आणि छताच्या इन्सुलेशनची जाडी किती? एसीच्या आकड्यापेक्षा ही जाडी जास्त कामाची.

सासूबाईंसाठी मोटरहोम घेताय, तर त्यांच्या मापाने बघा. पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे? दोन्ही हातांना धरायला दांडी आहे का? संडासाचं दार आतून अडलं तर बाहेरून उघडतं का, बाजूला उठताना आधार आहे का? बहुतेक गाड्यांत कॅसेट टॉयलेट असतं, त्याची टाकी १७ ते २० लिटरची. सहा माणसांत ती एका दिवसात भरते. ती रोज बाहेर काढून कुठे आणि कोण रिकामी करणार, हे घरात आधी ठरवा, नाहीतर ते काम तुमच्याच वाट्याला येईल हे मला इथे बसून दिसतंय.

आणखी एक: सहा जणांना झोपायला जागा आहे असं कोटेशन म्हणतं. चालत्या गाडीत सहा जणांना पुढे तोंड करून बसायच्या, पट्ट्याच्या सीट आहेत का, ते म्हणत नाही. धावत्या गाडीत मुलांना बेडवर झोपू द्यायचं नाही, ब्रेक लागला की ती फेकली जातात. वजनाचंही पाहा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर बॅटऱ्या, फ्रिज, लाकूडकाम, सहा माणसं आणि त्यांचं सामान. ताबा घेण्याआधी पाणी-डिझेल भरून धरमकाट्यावर न्या आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. ह्यांचं एलएमव्ही लायसन्स चालेल, साडेसात टनांपर्यंत चालतं. पार्किंगचं मात्र आजच मोजा: छतावर एसी बसल्यावर अशी गाडी तीन मीटरच्या घरात जाते, फ्लॅटच्या खालच्या पार्किंगमध्ये मावणार नाही. बाहेर उन्हात उभी ठेवायची तर सोसायटीची लेखी परवानगी लागेल.

मग सासूबाईंनी घरीच बसायचं का? मुळीच नाही. पुण्या-मुंबईकडे मोटरहोम चालकासकट भाड्याने देणारे आहेत. एकदा नागपूरपर्यंतचं भाडं महाग पडेल, पडू द्या. उन्हाळ्यातच घ्या, हिवाळ्यात सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. खिंडसीला एक रात्र, पेंचच्या गेटबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टच्या आवारात एक रात्र. अभयारण्यात आत मोटरहोम नेऊन मुक्काम किंवा सफारी करता येत नाही, तेव्हा तिथे तिचा उपयोग गेटबाहेरच्या मुक्कामापुरताच. सासूबाईंना पायरी चढता आली का, त्या छोट्या खोलीत त्यांना बरं वाटलं का की कोंडल्यासारखं झालं, हे त्यांनाच विचारा. पत्रात सगळ्यांची मतं आहेत, त्यांचं नाही.

त्याच वेळी सहा महिन्यांची आरडी सुरू करा, महिना ५३ हजारांची. नेमका हप्त्याएवढा आकडा. सहाही महिने ती न मोडता भरता आली, तर तुमच्याकडे तीन लाखांच्या वर जमलेले असतील आणि मी ३८ लाखांबद्दल पुन्हा विचार करायला तयार आहे. तिसऱ्याच महिन्यात क्रेडिट कार्डाला हात घालावा लागला, तर आपण भाड्याने फिरायचं हे ह्यांना तुम्ही सांगायची गरज उरणार नाही. वर्षाला वीस रात्री वापरलीत तर नुसता हप्ताच रात्रीमागे ३२ हजारांच्या आसपास पडतो, हाही आकडा त्या वहीत लिहून ठेवा.

घरात बोलताना 'नको' हा शब्दच काढू नका. ह्यांना म्हणा, आईंसाठी गाडी करायची तर पक्की करू, मी आरडी आजच उघडते, तुम्ही अप्रूव्हलची प्रत मागवा. दोन कामं, दोघांकडे एकेक. सासऱ्यांनाही त्या वहीजवळ बसवा, त्या पिढीला व्याजाचा हिशोब लवकर कळतो.

राहिलं २१ हजार टोकन. पावती आहे का बघा, आणि त्यावर 'परत मिळणार नाही' असं लिहिलंय का तेही. पावती नसेल तर बँकेच्या व्यवहाराचा पुरावा काढून ठेवा. उद्याच त्यांना ईमेल करा: टाइप अप्रूव्हलची प्रत, करारनामा आणि जीएसटीसह पूर्ण कोटेशन १५ दिवसांत पाठवा, न पाठवल्यास टोकन परत करा. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल कराच. टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथेही भागलं नाही तर नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. बांधणारा पुण्याकडचा असला तरी २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही.